कोच रोंडाचं सातवं गाव

कॉलेजच्या अध्यक्षांनी अख्ख्या संघाला जिममध्ये बोलावलं, तेव्हा रोंडा हॅव्हरकँपला वाटलं, नव्या बसची बातमी असणार. जुन्या बसचा हीटर दोन हिवाळे बंद होता आणि दोन वर्षं रोंडा नव्या बससाठी अध्यक्षांच्या मागे लागली होती. अध्यक्ष आले, हातातला कागद दोनदा घडी करून उलगडला आणि चार मिनिटांत सांगून मोकळे झाले. मे महिन्यात हंगाम संपला की ऑर्टन कॉलेजचा सॉफ्टबॉल संघ बंद. ज्यांना इथेच शिकायचं असेल त्यांनी खुशाल शिकावं. खेळाची शिष्यवृत्ती मात्र खेळाबरोबर जाईल.

पंधरा मुली उतरत्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. कोणी रडलं नाही. मरिसॉल बाका नावाची, उजव्या कोपऱ्यात राखीव म्हणून उभी राहणारी मुलगी होती, तिने हात वर केला.

"मग आज प्रॅक्टिस आहे की नाही?"

अध्यक्षांनी रोंडाकडे पाहिलं.

"आहे," रोंडा म्हणाली. "साडेतीनला. उशिरा येणारीला चार चकरा."

बाहेर मार्च महिना होता. आयोवातला मार्च, म्हणजे मैदानाच्या कडेला अजून काळवंडलेला बर्फ आणि मधे चिखल. रोंडा जिममधून निघाली ती थेट मैदानावर गेली आणि पहिल्या बेसपासून चालत चारही कोपऱ्यांतले बेस फिरून आली. मग पुन्हा फिरली. संतापली की ती बसत नसे, बोलतही नसे, नुसती चालायची.

ती एक्कावन्न वर्षांची होती आणि त्यातली अठ्ठावीस वर्षं तिने हेच काम केलं होतं. सुरुवात कॅन्ससमध्ये, बिनपगारी मदतनीस म्हणून. मुलींचे मळके कपडे धुवायचे, चुन्याच्या रेघा मारायच्या, व्हॅन चालवायची. तिथून इलिनॉय, मग ओक्लाहोमा, मग मिनेसोटा, मग पुन्हा इलिनॉयमधलं दुसरंच गाव. कुठे तीन वर्षं, कुठे चार. एक गाव सोडलं तर तिला कोणी काढलं नव्हतं. पडका संघ हाती घ्यायचा, उभा करायचा, आणि तो जिंकायला लागला की हिच्याच पायांना खाज सुटायची. डग नावाचा नवरा होता, सरळ माणूस. मिनेसोटा सोडायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "रोंडा, तुला जिंकायची हौस नाही, निघायची आहे." तो तिथेच राहिला. भांडण असं झालंच नाही.

ऑर्टन हे सहावं गाव. इथे मात्र ती अकरा वर्षं टिकली. आली तेव्हा मैदान नव्हतंच, गाड्या लावायची खडीची जागा होती. तिसऱ्या दिवशी वेंडेल शॅफ नावाचा निवृत्त पोस्टमन स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन आला आणि म्हणाला, "माझी बायको वारली, घरात बसवत नाही. काय उकरायचंय ते सांग." दोघांनी मिळून मैदान केलं, जाळ्या ताणल्या, खेळाडूंना बसायला पत्र्याची शेड उभी केली. त्या शेडमध्ये रोंडा स्वतः कधी बसली नाही. सामना चालू असताना सूर्यफुलाच्या बिया चघळत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालायची. वेंडेल आकड्यांची वही मांडीवर घेऊन बाकावर बसायचा आणि म्हणायचा, "मी टपाल वाटत रोज चौदा मैल चालायचो. तू एका सामन्यात त्याच्यावर मात करतेस, बाई."

अध्यक्षांच्या त्या चार मिनिटांनंतर तिच्या जिवाला थाराच उरला नाही. शेवटच्या वर्षाच्या तिघी तशाही सुटणार होत्या. उरलेल्या बाराजणींना तिने त्यांच्या घरी जाऊन, आईबापांसमोर बसून सांगितलं होतं, "चार वर्षं ती माझी जबाबदारी." आता तो शब्द खाली पडू द्यायचा नाही, एवढंच तिला सुचत होतं. अठ्ठावीस वर्षांत ओळख झालेल्या, हरवलेल्या, भांडलेल्या एकेका कोचला ती फोन करू लागली. बसच्या पायरीवरून, कपडे धुवायच्या दुकानातून, सामन्याच्या दोन डावांच्या मधल्या वेळात जाळीला टेकून. "ती पळते कशी ते विचारू नकोस, टिकते कशी ते विचार." "हो, मीच ती, सात वर्षांपूर्वी तुला चोर म्हटलं होतं. अजूनही तेच म्हणते. पण या पोरीला घे."

एप्रिल संपता संपता दहाजणींची सोय लागली. उरल्या दोघी. एक मरिसॉल, जी कोणालाच नको होती. दुसरी डेलेनी क्रूपा, जी सगळ्यांना हवी होती.

डेलेनी डावखुरी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. वीस वर्षांची, उंच, अबोल. नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंडची. बाप, रस क्रूपा, ट्रकची इंजिनं दुरुस्त करायचा. मुलगी दहा वर्षांची असताना त्याने गॅरेजमधून सगळं सामान बाहेर काढलं आणि आत तिच्यासाठी चेंडू टाकायची पट्टी आखली. तिचा खालून येणारा चेंडू मारणारीपाशी पोचता पोचता असा काही वर उसळायचा, की तिची बॅट त्याच्या बोटभर खालून जायची. तीन वर्षं ऑर्टन जे काही जिंकलं ते तिच्या डाव्या हातावर. तिच्यासाठी चौदा कॉलेजांचे फोन आले होते आणि ती प्रत्येकाला एकच उत्तर द्यायची, "विचार करून सांगते."

पंधरावा फोन टेरी लुंडक्विस्टचा होता, आणि तो डेलेनीला नाही, रोंडाला आला. कॅन्ससमध्ये दोघींनी एकाच मशीनवर संघाचे कपडे धुतले होते. टेरी मग वर वर चढत गेली. आता ती मिसूरीतल्या एका मोठ्या विद्यापीठाची मुख्य कोच होती. दोन हजार खुर्च्यांचं स्टेडियम, स्वतःचा डॉक्टर, स्वतःचा स्वयंपाकी.

"रोंडे, जिवंत आहेस का अजून?"

"तुझ्या दुर्दैवाने."

"ऐक. माझी पिचिंगची कोच बाळंतपणाला चाललीय, परत येणार नाही म्हणते. जागा रिकामी होतेय."

"मग?"

"मग काय मग! तुझी ती डावखुरी पोरगी घेऊन ये. दोघींची सोय करते."

"आणि पोरगी नाही आली तर?"

टेरी हसली. "तर मग ख्रिसमसला कार्ड पाठवीन, दर वर्षीसारखं."

फोन ठेवल्यावर रोंडा कितीतरी वेळ गाड्यांच्या रांगांमधून फिरत राहिली. एक्कावन्नाव्या वर्षी तिला कोण घेणार होतं? मुलींची काळजी करता करता हा प्रश्न तिने दोन महिने दाराबाहेर उभा ठेवला होता. आता तो आत येऊन बसला. तिने वेंडेलला काही सांगितलं नाही. डेलेनीला म्हणाली, "सोमवारी मिसूरीला जाऊन येऊ. नुसतं बघून तर घे." डेलेनी बरं म्हणाली. ती कधीच नाही म्हणत नसे.

सहा तासांचा रस्ता. पोचल्यावर टेरीने डेलेनीला मिठी मारली आणि एका उत्साही तरुण बाईच्या हवाली केलं. तिने स्टेडियम दाखवलं, बर्फाच्या पाण्याचे टब दाखवले, प्रत्येक मुलीच्या नावाचं लाकडी कपाट दाखवलं. मग एका बंद दारापाशी थांबून ती म्हणाली, "आणि हे बहुतेक कोच हॅव्हरकँपचं ऑफिस होईल! म्हणजे तुला अगदी घरच्यासारखं."

डेलेनीने रोंडाकडे पाहिलं. रोंडा दाराच्या मुठीकडे पाहत होती.

परतीच्या वाटेवर त्यांनी पेट्रोल पंपावर पिझ्झा घेतला आणि गाडीतच बसल्या. डेलेनीने आपला तुकडा संपवला, बोटं पुसली.

"तुम्ही पण येणार आहात तिथे?"

"बोलणं चाललंय. नक्की काही नाही."

"मी आले तरच ना?"

"नाही गं. त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही."

इतक्या सहज निघालं ते तोंडातून, की रोंडाला स्वतःलाच क्षणभर खरं वाटलं. डेलेनी काचेतून पंपावरच्या ट्रककडे बघत राहिली. मग तिच्याकडे न पाहताच म्हणाली, "कोच, मला यापुढे खेळायचं नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे कुठेच नाही. आमच्या इकडे दोन वर्षांचा कोर्स आहे, जनावरांच्या दवाखान्यातल्या कामाचा. मला प्रवेश मिळालाय. फेब्रुवारीतच. बाबांना सांगितलेलं नाही."

फेब्रुवारी. म्हणजे अध्यक्षांच्या त्या कागदाच्याही आधी. रोंडाने ते ऐकलं, आणि तरी तिच्या तोंडून निघालं ते कोणताही कोच म्हणतो तेच. "दमलीयस तू. हंगाम संपू दे, मग ठरव. थकव्यात घेतलेला निर्णय खरा नसतो."

"बरं," डेलेनी म्हणाली.

रोंडाने गाडी सुरू केली.

त्यानंतरचे दहा दिवस रोंडा मैदानावरचं गवत कापत सुटली. सकाळी कापायची, प्रॅक्टिस संपली की पुन्हा कापायची. टेरीचे निरोप येत होते: काय ठरलं? कधी कळवतेस? ती उत्तर लिहायची, पुसायची. शेवटी वेंडेलने यंत्राच्या पुढ्यात उभं राहून ते बंद करायला लावलं.

"आता काय माती कापायचीय? काय झालंय तुला?"

तिने सांगितलं. सगळं, उभ्या उभ्याच. वेंडेलने टोपी काढून डोकं खाजवलं.

"म्हणजे तू त्या पोरीशी खोटं बोललीस."

"खोटं नाही. अर्धं सांगितलं."

"चौतीस वर्षं घरोघरी टपाल टाकलं, रोंडा. अर्धं पत्र कोणी घेत नाही."

"तुला काय जातंय बोलायला! तुला पेन्शन आहे."

"आहे ना," वेंडेल शांतपणे म्हणाला. "म्हणून तर बोलतोय. तुला दुसरं कोण बोलणार?"

ती त्याच्यावर इतकी चिडली की दोन दिवस बोलली नाही. चूक आपली असली की माणूस असाच चिडतो, हे तिला कळत होतं, त्यामुळे आणखीच.

मे महिन्यात सू सिटीला शेवटची स्पर्धा झाली. तीन दिवसांची. ऑर्टनने पहिले दोन सामने मारले. पुढचा संघच असणार नाही म्हटल्यावर मुली अशा खेळत होत्या, की समोरच्या संघांना त्यांची भीती वाटावी. शनिवारी सकाळी उपांत्य सामना. सुरू व्हायला वीस मिनिटं होती आणि डेलेनी दिसेना. रोंडा तिला शोधत सामानाच्या खोलीमागे गेली.

डेलेनी गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती आणि ओकत होती.

रोंडाला हे नवं नव्हतं. तीन वर्षं तिने या मुलीला सामन्याआधी तोंड पुसत येताना पाहिलं होतं आणि पाठीवर थाप मारून म्हटलं होतं, "छान, भूक लागलीय तुला!" इतर मुलींनाही ती कौतुकाने सांगायची, बघा, जिंकायचं वेड असं असतं. आज ती थाप मारायला हात उचलला आणि तसाच राहिला. तिने कमरेची पाण्याची बाटली काढून पुढे केली.

"कधीपासून होतंय हे?"

"नेहमीचंच आहे."

"नेहमीचं म्हणजे कधीपासून?"

डेलेनीने चूळ भरली. "बारा वर्षांची होते तेव्हापासून. प्रत्येक सामन्याला."

रोंडा मनात हिशेब करू लागली, किती सामने, आणि मधेच थांबली. पलीकडे लाउडस्पीकरवर कोणाचं तरी नाव पुकारत होते.

"त्या दिवशी गाडीत मी खोटं बोलले," ती म्हणाली. "तू गेलीस तरच मला जागा आहे. नाही तर नाही."

"माहीत होतं मला."

"कसं?"

"तुम्ही पिझ्झा खाल्लाच नाही. नुसता हातात धरून बसलात."

रोंडाला हसूही आलं आणि रडूही, आणि दोन्ही तिने गिळलं. "आज टाकायचं नसेल तर सांग. मी आत्ता दुसरीला उभी करते. कोणाला काही कळणार नाही."

डेलेनीने विचार केला. खरोखरचा विचार, तिच्या चेहऱ्यावर तो दिसत होता. "आज टाकते. त्या बाकीच्यांसाठी. पण हे शेवटचं. आणि बाबांना तुम्ही सांगा."

"मी?"

"माझ्याच्याने नाही होणार. तुम्ही एवढं तरी करा, कोच."

सामना सात डावांत सुटला नाही. एक-एक अशी बरोबरी. डेलेनीच्या चेंडूंना त्या दिवशी वेगळीच धार होती, समोरच्या मुली हवेत बॅटी फिरवून परत जात होत्या. आठव्या डावात त्यांची एक मुलगी दुसऱ्या बेसवर उभी होती आणि बॅटला जेमतेम लागलेला एक चेंडू रांगत रांगत पिचरकडे आला. लहान मुलीने उचलावा असा. डेलेनीने धावत येऊन उचलला, वळली, आणि पहिल्या बेसकडे असा भिरकावला की तो तिथल्या मुलीच्या डोक्यावरून हातभर उंच जाऊन जाळीवर आपटला. दुसऱ्या बेसवरची मुलगी धावत शेवटच्या, घरच्या बेसवर पोचली. दोन-एक. शेवटच्या संधीत ऑर्टनच्या तिघी पाठोपाठ बाद झाल्या, आणि खेळ संपला, सामनाही, संघही.

मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. डेलेनी मात्र तो चेंडू आपटला त्या जाळीकडे बघत उभी होती, आणि हसत होती. आधी गालात, मग मोकळी, पोट धरून. मैदानावर तिला हसताना रोंडाने कधी पाहिलंच नव्हतं.

रस क्रूपा पार्किंगमध्ये घडीच्या खुर्च्या ट्रकमध्ये टाकत होता. रोंडा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि आडवळणं न घेता सांगून टाकलं. त्याने हातातली खुर्ची खाली ठेवली. मग म्हणाला, "तुम्ही भरवलं हे तिच्या डोक्यात."

"उलट. मी दुसरंच भरवायला बघत होते. माझ्या सोयीचं."

"दहा वर्षं, बाई! दहा वर्षं मी गॅरेजात तिच्यासमोर बादलीवर बसून चेंडू झेललेत. माझी ही दोन बोटं बघा. सरळ होत नाहीत."

रोंडाने बोटं पाहिली. "तिने तुम्हाला कधी नाही म्हटलं नाही, मलाही नाही. आणि आपण कोणी विचारलंही नाही."

त्याने ट्रकचं मागचं फळकूट धाडकन लावलं. निरोपाचा हातही पुढे केला नाही. पण घरी निघण्याआधी तो बसपाशी गेला, आणि बाप-लेक बराच वेळ समोरासमोर उभे होते. काय बोलले ते रोंडाला लांबून ऐकू आलं नाही. नंतर कळलं की जुलैपर्यंत त्याने अबोला धरला, आणि ऑगस्टमध्ये स्वतःच्याच ट्रकमधून तिचं सामान त्या कोर्सच्या वसतिगृहात पोचवलं.

टेरीला तिने बसमधूनच फोन केला.

"वेडी आहेस का? परत बोल ना तिच्याशी."

"बोलले. ती येणार नाही, आणि मी आणणार नाही."

"मग रोंडे, मी तरी..."

"कळलं गं. कार्ड पाठव."

मेच्या अखेरीस तिने आणि मरिसॉलने मिळून शेड रिकामी केली. मरिसॉलसाठी इलिनॉयमधलं एक छोटं कॉलेज कसंबसं तयार झालं होतं. रोंडाने ते मोठ्या विजयी थाटात सांगितलं.

"नको, कोच. मी इथेच शिक्षिकेचा अभ्यास पुरा करते," मरिसॉल म्हणाली आणि खिशातून चष्मा काढून नाकावर चढवला. "गेल्या आठवड्यात डोळे तपासले. मला चेंडू दिसतच नव्हता हो! दोन वर्षं! मला वाटायचं सगळ्यांनाच तो असा पिवळा ढग दिसतो."

रोंडा एका उलट्या बादलीवर बसली. खरोखर बसली. "आणि मी तुला दोन वर्षं ओरडत होते, चेंडूवर नजर ठेव म्हणून."

"ठेवत होते की. सापडायचा नाही, एवढंच." आणि मरिसॉल इतकी हसली की रोंडालाही हसावंच लागलं.

जून गेला, जुलै गेला. अठरा वर्षांची झाल्यापासून पहिल्यांदाच रोंडाच्या उन्हाळ्यात चेंडू नव्हता. ती अकरा ठिकाणी अर्ज करून बसली, म्हणजे बसली नाहीच. कारण नसताना गाडी काढून शंभर-शंभर मैल जायची, कुठल्या तरी गावात लहान मुलींचा सामना चाललेला दिसला की जाळीबाहेर उभी राहून दोन डाव बघायची आणि परत यायची. अकरांपैकी दोघांनी उत्तर दिलं. एकाने संगणकावर मुलाखत घेतली आणि पंधरा मिनिटांत आभार मानले. लेकीच्या वयाच्या कोचांची चलती होती. स्वतःचीच कीव यावी असे दिवस होते ते, आणि टेरीच्या त्या बंद दाराची आठवण तिला आली नाही असं नाही. आली, पुष्कळदा आली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नॉर्थ डकोटामधल्या एका दोन वर्षांच्या कॉलेजातून फोन आला. त्यांचा कोच अचानक सोडून गेला होता आणि दोन आठवड्यांत सराव सुरू व्हायचा होता. "इथे वारा फार असतो," फोनवरची बाई अपराध कबूल करावा तशी म्हणाली. पगार विचारायच्या आधीच रोंडा हो म्हणाली. मग विचारला, आकडा पुन्हा एकदा सांगायला लावला, आणि पुन्हा हो म्हणाली.

वेंडेलने सामान गाडीत चढवायला मदत केली. "मैदानाचं काय करतील?" तिने विचारलं.

"गवत कापू नकोस असं मला अजून कोणी सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "सांगेपर्यंत कापीन."

तिने त्याला मिठी मारली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. दोघांनाही ती जमली नाही. त्याची टोपी पडली.

नवं मैदान गावाबाहेर होतं. वारा इतका, की चुन्याची रेघ मारेपर्यंत अर्धी उडून जायची. पहिल्या दिवशी अकरा मुली आल्या, त्यातल्या दोघी धावायचे बूट नसताना. रोंडाने नावं विचारली, कोणाला कुठे दुखतंखुपतं विचारलं, चेंडू नीट दिसतो का हेही प्रत्येकीला विचारलं, तेव्हा मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मग तिने विचारलं, "सामन्याआधी कोणाला काय होतं? पोट बिघडतं? हात कापतात? मला सांगायचं. हसणार नाही, आणि कौतुकही करणार नाही."

एक ठेंगणी, रुंद खांद्यांची मुलगी पुढे आली. कॅचर होती, मारणारीच्या मागे बसून चेंडू झेलणारी. नाव सिग्ने.

"तुम्हाला एक विचारू? गेल्या दोन वर्षांत आमचे तीन कोच गेले. तुम्ही किती दिवस आहात?"

याला रोंडाकडे तयार उत्तर होतं, पाच गावांत वापरून गुळगुळीत झालेलं. ते जिभेवर आलंही.

"खरं सांगू? माहीत नाही," ती म्हणाली. "माझा आजवरचा लौकिक काही बरा नाही. पण जायचं ठरलं तर तुम्हाला आधी सांगेन, आणि का ते सांगेन."

सिग्नेने ओठ मुडपले. हे उत्तर तिला आवडलं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

"बरं," रोंडा म्हणाली, "आता दोन-दोनच्या जोड्या करा. वारा पाठीवर घेऊन नाही, समोरून घेऊन."

मुली पांगल्या. चेंडू उडायला लागले, निम्मे भलतीकडेच जात होते. बूट नसलेल्या दोघी अनवाणीच चेंडूंमागे धावत होत्या, आणि रोंडा त्यांच्यामधून ओरडत, वाकत, वाट काढत चालत होती.